मोटार चोरीला जाते तेव्हा



रब्बीचे पाणी सुरू झाले, की आमच्याकडे एक तक्रार हटकून येते आणि तिचे उत्तर कोणत्याच कृषिदैनंदिनीत छापलेले नसते. हरभऱ्यावर घाटेअळी आली तर काय करावे ते सांगता येते, संत्र्याच्या झाडाला डिंक्या लागला तर तेही सांगता येते. पण "सायेब, रातीच मोटार नेली कोनं तरी," याला काय औषध सांगावे? मोटार, स्टार्टर, केबल, तुषार संचाच्या तोट्या, डीपीतले तेल आणि तांब्याची तार, वरूड-मोर्शीकडे झाडावरची संत्री, अकोट-तेल्हाऱ्याकडे कोठ्यातला कापूस, जे उचलता येईल ते जाते. काही गोष्टी तर चोर नेतही नाही. सोयाबीनची सुडी रात्री पेटवून देतो आणि निघून जातो. चार महिन्यांची मेहनत सकाळी राख होऊन दिसते.

ज्याची मोटार गेली त्याचे नुकसान नुसत्या मोटारीच्या किमतीचे नसते, हे तुम्हाला मी सांगायला नको. नवी मोटार येईपर्यंत हरभरा फुलावर येतो, पाण्याची पाळी चुकते आणि घाटे भरत नाहीत. मग माणूस चवडीवर किंवा चहाच्या टपरीवर येतो. चार लोक जमतात, हळहळतात. आणि मग कोणीतरी ते ठरलेले वाक्य बोलतो, "बेड्यावर जाऊन पाहा. दुसरं कोन नेते?"

या वाक्याबद्दलच मला आज तुमच्याशी बोलायचे आहे.

मी पोलीस नाही, वकीलही नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. होऊन या नोकरीत आलो. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत तीसेक वर्षे बांधाबांधाने फिरलो. बियाण्याच्या गोष्टी करता करता लोक चोरीच्याही करतात. कधी पंचनाम्यावर पंच म्हणून सही करण्याचीही पाळी आली. या फिरण्यात एक दिसले. गावात चोरीबद्दल दोन प्रकारचे विचार असतात. एक म्हणतो, संशय आला की उचला, दोन दांडके द्या, पंचवीस निर्दोष भरडले गेले तरी चालतील पण चोर सुटता कामा नये. दुसरा म्हणतो, आधी पुरावा, मग पकडा. पहिल्याला गावात मान जास्त असतो, कारण तो कर्ता माणूस वाटतो. दुसरा पुस्तकी वाटतो. चोराची बाजू घेतो, असाही शिक्का त्याच्यावर बसतो.

माझे म्हणणे असे, की हा दुसराच मोटार परत मिळवून देतो. पहिला देत नाही.

माझ्या धंद्यातले उदाहरण घेतो. कपाशीवर दोन किडे दिसले की पंप काढून सरसकट फवारणारे शेतकरी मी पुष्कळ पाहिले. त्या फवाऱ्यात मावा मरतो, तसा मावा खाणारा ढालकिडाही मरतो, क्रायसोपाही मरतो. मग पंधरा दिवसांनी पांढरी माशी अशी काही उसळते, की शेतकरी डोक्याला हात लावतो. म्हणून आम्ही सांगतो, आधी शेतात जा, पाने उलटून पाहा, किडे मोजा. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावा. एका सापळ्यात रोज आठ पतंग, असे सलग तीन रात्री सापडले, तरच फवारणीचा विचार करा. कोणता किडा, किती आणि कुठे, हे कळल्याशिवाय औषध नाही. हा नियम किड्यांची दया येऊन केलेला नाही. पीक वाचावे म्हणून केलेला आहे.

आता बेड्याकडे वळू. आपल्या वऱ्हाडात गावाबाहेर, गायरानाच्या कडेला किंवा नाल्याच्या अंगाला फासेपारध्यांचे बेडे असतात. पिढ्यान् पिढ्या या लोकांचा धंदा फासे लावून तितर, लावे, हरणे धरण्याचा. रानाची त्यांच्याइतकी ओळख दुसऱ्या कोणाला नव्हती. जुन्या गावगाड्यात चोरी झाली की जागल्या पायाचा माग काढीत शिवेपर्यंत जाई. माग ज्या गावच्या शिवारात शिरला त्या गावाने तो आपल्या शिवेबाहेर गेलेला दाखवायचा, नाहीतर नुकसान भरून द्यायचे, अशी रीत होती. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातही नुसत्या संशयावर काम चालत नव्हते. माग लागायचा. माग म्हणजे पुरावाच की!

मग इंग्रजांचा कायदा आला. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. आधी तो उत्तर हिंदुस्थानात होता, १९११ साली साऱ्या ब्रिटिश मुलखाला लावता येईल असा झाला आणि १९२४ साली पुन्हा नव्याने बांधला गेला. या कायद्याने सरकारला एखादी अख्खी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करता येई. मग त्या जमातीतल्या माणसाचे नाव नोंदवहीत, बोटांचे ठसे दप्तरात, ठरल्या वेळी हजेरी, परगावी जायचे तर परवाना. सोलापूरला तर तारेच्या कुंपणात वसाहत होती. त्या माणसाने चोरी केली की नाही, हा प्रश्न कोणी विचारायचाच नाही. तो कोणाच्या पोटी जन्मला, एवढे पुरे होते. स्वातंत्र्य आले १९४७ ला, पण हा कायदा उठला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. म्हणून या जमाती १५ ऑगस्टबरोबर ३१ ऑगस्टही विमुक्त दिन म्हणून पाळतात. पुढे मुंबई राज्यात १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा कायदा झाला. तो जातीवर नाही, एकेका माणसाला झालेल्या शिक्षांवर चालतो. कागदावर हा फार मोठा फरक आहे. गावाच्या डोक्यातली नोंदवही मात्र अजून जुनीच आहे.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तितर-हरणांची शिकार बंद झाली. व्हायलाच हवी होती, मी शेतीचा माणूस, पाखरांचे मोल जाणतो. पण ज्या दिवशी शिकार गुन्हा झाली त्या दिवशी पारध्याचा बापजाद्यांचा धंदाही गुन्हा झाला, आणि हातात दुसरा धंदा कोणी दिला नाही. जमीन नाही, शाळा नाही, गावात घर बांधायला जागा नाही. त्यांच्यात चोरी करणारे कोणीच नाहीत, असे मी म्हणत नाही. तसे कोणत्याच जातीबद्दल म्हणता येणार नाही. आपल्या गावातली सुडी पेटवणारा बहुतेक वेळा धुऱ्याच्या भांडणातला शेजारी निघतो, हे तुम्हीही जाणता.

एका बेड्यावर एक म्हातारबा भेटले होते. फळबागेच्या योजनेची माहिती द्यायला गेलो होतो. गाडी पाहून बेड्यावरची तरणी माणसे पऱ्हाटीत पसार झाली, एकटे म्हातारबा बसून राहिले. मी कृषी खात्याचा आहे असे कळल्यावर हसले. म्हणाले, "गावात कोंबडी गेली तरी आमाले नेते, सायेब. आमी खाल्ली का बोक्यानं खाल्ली, हे कोन पायते?" मग म्हणाले, "चोर बी खूश असते. त्याले मालूम असते, पयले पारध्याले धरतीन. तवापर्यंत त्याचा माल अकोल्याले पोचते."

हे दुसरे वाक्य मला फार मोलाचे वाटले. पोलिसांची गाडी बेड्यावर गेली, की खरा चोर निर्धास्त होतो. त्याला दोन दिवस मोकळे मिळतात. सरसकट फवारणीत पांढऱ्या माशीचे असेच फावते.

आता दुसरी बाजूही नीट मांडली पाहिजे, नाहीतर मी एकतर्फी बोललो असे होईल. शेतकरी चिडतो त्यात खोटे काय आहे? तक्रार द्यायला गेले तर "मोटार काय, सापडेल," म्हणून वाटेला लावतात. पंचनाम्याला तीन दिवस लागतात, तोवर विहिरीवरचे पायाचे ठसे गुराढोरांनी तुडवलेले असतात. समजा चोर सापडला, तर खटल्याच्या तारखा पडतात. साक्षीदार म्हणून तुम्ही ऐन पेरणीत एस.टी. धरून तालुक्याला जाता आणि "पुढची तारीख" ऐकून परत येता. जप्त केलेली मोटार ठाण्याच्या आवारात गंजत पडते. अशा माणसाला कोणी सांगितले, की आरोपीलाही हक्क असतात, तर तो म्हणणारच, "आन् माह्या मोटारीचे हक्क?" त्याचा राग मला समजतो. ठाण्यात माणसे कमी, एकेका अंमलदाराकडे पंधरा-वीस गावे, हेही खरे. पण राग वेळेच्या दिरंगाईवर आहे, आणि तो काढला जातो बेड्यावर. ही गल्लत आहे.

या गल्लतीची किंमत काय पडते ते एका खटल्यात स्पष्ट दिसते. हा खटला शेतकऱ्याच्याच घरचा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

२००३ सालचा जून महिना. नाशिक जिल्ह्यातले एक शेतमळ्यात राहणारे कुटुंब. आपणही पीक राखायला शेतात राहतो, तसेच. रात्री दरोडेखोर आले. पैसे-दागिने लुटले, घरातल्या पाच जणांना ठार मारले, बाईमाणसांवर अत्याचार केला. आई आणि एक मुलगा तेवढे जखमी होऊन वाचले. सारा महाराष्ट्र हादरला. चोर तातडीने पकडा, फाशी द्या, अशी मागणी झाली आणि ती होणे साहजिक होते. पुढे सहा जण धरले गेले. सहाही भटक्या जमातींतले, हातावर पोट असलेले मजूर. २००६ साली सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची फाशी पक्की केली. गुन्हे रोखायचे तर असेच कडक हवे, असे त्या वेळी अनेकांना वाटले असेल.

नंतर निघाले, की त्या सहातला एक जण गुन्ह्याच्या वेळी सज्ञानही नव्हता. खटला पुन्हा ऐकला गेला. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निकाल फिरवला आणि सहाही जणांना निर्दोष सोडले. कारण काय? घटनेनंतर लगेच, वाचलेल्या त्या आईला पोलिसांनी गुन्हेगारांचे फोटो दाखवले होते आणि तिने त्यातले चार जण ओळखले होते. ते चार जण हे नव्हतेच. त्या चौघांवर खटला भरलाच नाही. ही गोष्ट कागदपत्रांत होती, पण खटल्यात पुढे आली नाही. न्यायालयाने राज्य सरकारला प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले आणि तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांची चौकशी करायला सांगितले.

सोळा वर्षे ती माणसे तुरुंगात होती, त्यातली बरीच फाशीच्या छायेत. त्यांचे जे गेले ते पाच लाखांनी भरून येत नाही. पण मी तुम्हाला दुसऱ्याच माणसाचा विचार करायला सांगतो. त्या आईचा. तिने बोट दाखवले होते. तिच्या घरातली पाच माणसे गेली, सोळा वर्षे खटला चालला, आणि शेवटी तिच्या हाती काय आले? ज्यांना तिने ओळखले होते त्यांचा माग कोणी काढलाच नाही. घाईने, सोयीची माणसे उचलून केलेल्या तपासात आरोपीवर अन्याय होतो, हे वकील सांगतात. ज्याच्या घरी चोरी झाली, दरोडा पडला, त्याच्यावर तेवढाच अन्याय होतो, हे मात्र कोणी सांगत नाही. म्हणून पुराव्याचा आग्रह शेतकऱ्यानेच धरला पाहिजे.

पोलिसांना बाजूला सारून लोकच न्याय करायला निघाले, तर ते याहून वाईट. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला काय झाले ते आठवत असेल. मुले पळवणारी टोळी आली, अशी अफवा फोनवर फिरत होती. सोलापूरकडून भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकले. एकानेही मूल पळवले नव्हते. मारणारे कोण होते? तुमच्या-आमच्यासारखे शेतकरी, मजूर. आज त्यांच्याही घरच्यांच्या नशिबी कोर्टाच्या पायऱ्या आल्या. १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समाज, भाषा असल्या कारणावरून खून केला तर जमावातल्या प्रत्येकाला जन्मठेप किंवा फाशी, असे स्पष्टच लिहिले आहे. "मी फक्त उभा होतो," हे म्हणणे अवघड जाईल.

तर मग चोरी झाली की करावे काय?

पहिली गोष्ट चोरीच्या आधीची. मोटारीच्या पाटीवर जो नंबर असतो तो पावतीवर लिहून घ्या आणि पावती सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा. पाटी चोर खरवडून काढतो. म्हणून मोटारीच्या अंगावर दोन ठिकाणी, सहज न दिसणाऱ्या जागी, छिन्नीने किंवा वेल्डिंगवाल्याकडून आपली खूण आणि गट नंबर घालून घ्या. फोनमध्ये फोटो काढून ठेवा. सापडलेली मोटार "हीच माझी" असे सिद्ध करता येत नाही, म्हणून कितीतरी मोटारी ठाण्यातच राहतात.

चोरी झाल्यावर विहिरीकडे गर्दी करू देऊ नका. स्टार्टरच्या पेटीला हात लावू नका. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याची विद्या आपल्याच देशात वाढली. जगातले पहिले ठशांचे कार्यालय कलकत्त्याला १८९७ साली निघाले आणि अझिझुल हक व हेमचंद्र बोस या आपल्याच दोन माणसांनी ठसे लावून ठेवण्याची पद्धत बसवण्यात मोठा वाटा उचलला. गंमत पाहा. ठशाचा गुण असा, की तो सांगतो हाच एक माणूस, दुसरा कोणी नाही. आणि इंग्रजांनी त्याच विद्येने अख्ख्या जमातींचे ठसे दप्तरात बांधून ठेवले!

फिर्याद त्याच दिवशी द्या. आता फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. फोनवरून किंवा संगणकावरून कळवली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते, ती मागून घ्या. घेतलीच नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा. तपास कुठवर आला ते नव्वद दिवसांत तुम्हाला कळवणे नव्या कायद्याने पोलिसांवर बंधनकारक केले आहे. हे विचारायला संकोच करू नका. आणि फिर्यादीत संशयिताचे नाव घालायचे तर कारण असेल तेव्हाच घाला. अमक्याला रात्री केबल घेऊन जाताना पाहिले, हे कारण झाले. तो बेड्यावरचा आहे, हे कारण नव्हे.

मारून घेतलेली कबुली कोर्टात चालत नाही, हे पुष्कळांना माहीत नसते. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून धरत नाहीत. हा नियम इंग्रजांच्या काळापासून आहे आणि नव्या कायद्यातही ठेवला आहे. त्याच्या सांगण्यावरून मोटार प्रत्यक्ष सापडली, तर तेवढा भाग धरतात. म्हणजे पुन्हा मोटारच शोधावी लागते. दांडक्याने नुसता "हो" मिळतो. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, त्यामुळे पकडलेच पाहिजे असेही नाही. नोटीस देऊन बोलावता येते. पकडले तर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे लागते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतल्या जातिभेदाच्या खटल्यात विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होऊ नये, असेही पोलिसांना बजावले आहे.

आता एक कडू गोष्ट. चोरलेली मोटार चोर घरी ठेवून लोणचे घालत नाही. ती कोणीतरी विकत घेतो. तांब्याची तार भंगारवाला घेतो. मोटार मात्र पुष्कळदा दुसरा शेतकरीच घेतो, निम्म्या भावात, पावतीशिवाय, "कुठून आनली रे?" असे न विचारता. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हाही गुन्हा आहे आणि त्यालाही चोरीइतकीच, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गावोगावच्या मोटारचोऱ्या एका वर्षात निम्म्यावर आणायच्या असतील, तर जागलीवर बसण्यापेक्षा पावतीशिवाय मोटार न घेण्याचा ठराव ग्रामसभेत करा. जागलही करा. पोलीस पाटलांना सांगून पाळ्या लावा. जागल करणाऱ्याने अनोळखी माणसाला थांबवावे, विचारावे, फोन करावा. हात उचलू नये.

पावतीवरून आठवले. वर सांगितलेल्या बेड्यावरच्या एका तरुणाने मक्त्याने चार एकर केली होती. तूर, हरभरा. मोटार स्वतःच्या पैशाने नवी घेतली होती. पौषात ती चोरीला गेली. तो ठाण्यात गेला तर पहिला प्रश्न आला, "तुझी मोटार? तू कुठून आणली?" त्याने खिशातून पावती काढली. नंबर, तारीख, दुकानाचा शिक्का. टेबलामागचा माणूस पावती उलटीसुलटी पाहत राहिला. फिर्याद मात्र लिहून घेतली. मला भेटला तेव्हा म्हणाला, "सायेब, पावती नसती तं मीच चोर निघालो असतो, माह्याच मोटारीचा."

अशा प्रसंगी फुकट वकील मिळतो, हेही सांगून ठेवतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि अटकेत असलेला कोणीही, यांना मिळकत न पाहता वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही चौकशी करता येते. फासेपारधी आपल्या राज्यात अनुसूचित जमातीत येतात.

उरला तो शिक्षेचा प्रश्न. खरा चोर सापडला, गुन्हा शाबीत झाला, मग पुढे काय? तो कधीतरी सुटून याच शिवारात परत येणार. नव्या संहितेत एक सोय केली आहे. चोरीचा माल पाच हजारांच्या आतला असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा किंमत परत केली, तर तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा देतात. हे मला पटते. भुरट्या चोराला सराईतांच्या बराकीत घातले, की तो तिथून शिकूनच येतो. मोठ्या गुन्ह्यांसाठीही आपल्या महाराष्ट्राने फार पूर्वी वेगळी वाट धरली. औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी १९३०-४० च्या सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले, तिथे कैद्यांना भिंतीशिवाय, शेती करून राहू दिले. व्ही. शांतारामांचा 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ चा चित्रपट त्यावरूनच निघाला. आणि तसेच खुले कारागृह आपल्या मोर्शीलाही आहे, हे अमरावती जिल्ह्यातल्याच पुष्कळांना ठाऊक नसते. चांगल्या वर्तणुकीच्या कैद्यांना तिथे ठेवतात, ते शेतीत राबतात.

शिक्षेच्याही आधी काही करता येते, हे दाखवणारी माणसेही आपल्याकडे आहेत. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळ्याला मतीन भोसले यांनी २०१२ साली फासेपारध्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. ते स्वतः याच समाजातले, जिल्हा परिषदेचे शिक्षक. नोकरी सोडून भीक मागणारी मुले गोळा केली. शाळेचे नाव ठेवले प्रश्नचिन्ह. पुढे समृद्धी महामार्गाच्या आखणीत तिच्या वर्गखोल्या आणि वाचनालय गेले, आणि त्यासाठी मुलांना आंदोलन करावे लागले. अकोला जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या फासेपारध्यांनी तर शिकार सोडून तितर-लाव्यांसाठी गवताची राने राखायला घेतली. ज्यांना आपण रानचोर म्हणत होतो ते रानाचे राखणदार झाले.

संत्र्याच्या पट्ट्यातले एक बागाईतदार माझ्या परिचयाचे आहेत. चोरीची शिक्षा भोगून आलेला एक माणूस त्यांच्याकडे काम मागायला आला. कोणी सालदार म्हणून ठेवेना. यांनी ठेवला. घरात कुरबूर झाली, भाऊबंद हसले. मी एकदा बहराची छाटणी पाहायला गेलो असता त्यांना विचारले, की तुम्हाला भीती नाही वाटली? ते म्हणाले, "याच्याबद्दल सारंच मालूम आहे मले. काय चोरलं, कवा चोरलं, किती दिवस आत होता. बाकीच्यायबद्दल मले काय मालूम आहे, सांगा तुम्ही." तो माणूस तेव्हा बागेच्या टोकाला ठिबकच्या नळ्या धूत होता. मोटारीच्या खोलीची किल्ली त्याच्या कमरेला होती.